खोटा निरोप

"ये अंदर नहीं जाएगा, अंकल."

थिएटरच्या दारावरच्या गार्डने डोमाजीच्या पिशवीतून लाल पुडी दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि बॉम्ब सापडल्यासारखी अंगापासून लांब धरली.

"तिखट हाय ते," डोमाजी म्हणाला. "बहिणीसाठी आणलं. घरच्या चक्कीचं."

"मिर्ची पावडर अलाउड नहीं है. किसी की आँख में डाल दिया तो?"

"अबे, आत पडद्यावर माणसं कापून राहिले तुम्ही," डोमाजीचा आवाज चढला, "अन् मी तिखट नेलं तं तुमची शांती भंगते काय?"

रांगेतली पोरं हसली. सोनिका मध्ये पडली. तिने पुडी काउंटरवर ठेवली, बिल्ला घेतला आणि मामाला दंडाला धरून आत नेलं. मागून तिचे बाबा, कवडू भोयर, खिशात हात घालून संथपणे आले. सगळ्यांत शेवटी आई. जिजाबाईला ना तिखटाची चिंता होती ना सिनेमाची हौस. सकाळपासून तिला घास गेला नव्हता. डब्यातली पोळी भाजी तशीच ओट्यावर झाकून ठेवून ती निघाली होती.

सिनेमात तिचा मुलगा होता. पाळण्यातलं नाव अंकित, घरात बंटी. आधी झाडीपट्टीत हिंडून नाटकं केली, मग मुंबई गाठली. तिथे तो कधी वॉचमन झाला, कधी हवालदार, दोनदा नुसतं प्रेत. आई टीव्हीसमोर चष्मा शोधेपर्यंत त्याचं काम आटोपलेलं असायचं. आणि आता एकदम हा सिनेमा. नागपुरात ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचंच नाव. पेपरात कुणीतरी लिहिलं होतं की हा अडीच तासांचा खाटीकखाना आहे, नायक कोयता फिरवत सुटतो आणि गोष्टीचा मुडदा पहिल्याच रिळात पडतो. पण खलनायकाच्या ड्रायव्हरचं काम करणाऱ्या अंकित भोयरसाठी तिकीट काढाच. सोनिकाने पहिल्याच दिवशी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर पाहून घेतला आणि डोळे सुजवून घरी आली. आईने विचारलं तर म्हणाली, "धूळ गेली." त्यापलीकडे एक अक्षर बोलली नाही.

आजची तिकिटं बंटीनेच मुंबईहून काढली होती. चार. चौथं मामाचं. मामाला तर त्याने फोनवर धमकीच दिली होती, "तू गेला नाही तं मी दिवाळीले घरी येणार नाही." एरवी डोमाजी कशाला येतो! त्याच्या गावी, मौद्याच्या बाजारात, चार लोकांनी "तुमच्या भाच्यानं काय काम केलं हो" असं विचारलं, तेव्हा कुठे तो कळमन्याच्या मंडीत मिरचीचा भाव पाहायचं निमित्त काढून नागपुरात उतरला.

जिजाबाईच्या जिवाला घोर लागला होता तो मागच्या उन्हाळ्यापासून. बंटी चार दिवसांसाठी आला होता. तिने गच्चीवर कुरड्या घातल्या आणि लहानपणी बसवायची तसंच त्याला काठी देऊन राखणीला बसवलं. तो मोबाइल पाहत बसला, आणि एक कावळा आला तो सरळ त्याच्या डोक्याला पंजा मारून गेला. जिजाबाई हातात कुरड्यांचा सोऱ्या घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

कावळा डोक्याला शिवला की माणसाचं काही खरं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. विस्तव पोळतो हे तरी कुणी शिकवतं का? यावर उताराही एकच. ज्याला कावळा शिवला तो मेला, असा खोटा निरोप त्याच्या मामाकडे धाडायचा. मामाच्या घरी रडारड झाली पाहिजे. ते रडणं यमाच्या कानी गेलं की त्याला वाटतं, इथलं काम उरकलेलं दिसतं, आणि तो रेडा वळवून पुढच्या गावी जातो. मग दुसरा निरोप जातो: माणूस जिता आहे, तोंड गोड करा. सगळे शिव्या देत, हसत साखर खातात आणि प्रकरण मिटतं. जिजाबाईची आई सांगायची, "निरोप खोटा असला तं चालते. रडणं खरं पाहिजे. यम काही बहिरा नाही."

कवडूने तेव्हा थट्टा केली होती. "एवढं शिकलेलं पोट्टं, अन् तू त्याले कावळ्याच्या भेवानं मारून राहिली?"

"अजी, तुमचं नाव कवडू काहून ठेवलं, थे सांगा मले पह्यले," जिजाबाई म्हणाली.

कवडूच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून त्याच्या आईने त्याला जन्मल्याबरोबर शेजारणीला एका कवडीला विकून परत घेतला होता, म्हणजे यमाला वाटावं, हे कवडीमोलाचं पोर नेऊन करायचं काय! यमाच्या डोळ्यांत धूळ फेकूनच जो माणूस साठी ओलांडून आला, त्याने कोणत्या तोंडाने बोलावं? त्याने वाळत घातलेलं बनियान उचललं आणि तो खाली निघून गेला.

जिजाबाईने तिथल्या तिथे मौद्याला फोन लावला. "दादा," ती म्हणाली, "आपला बंटी गेला गा." आणि तोंडात पदर कोंबला.

पलीकडे चक्कीचा आवाज बंद झाला. डोमाजी फक्त "थांब" म्हणाला आणि त्याने फोन कापला. दुसऱ्याच मिनिटाला गच्चीवर बंटीचा मोबाइल वाजला. "हां मामा, बोल. मी? मी कुरड्या राखून राहिलो."

झालं! पूर्वी निरोप्या सायकलने जायचा. खरंखोटं करायला दुसरा माणूस निघावा तोवर रडणं होऊन जायचं. मोबाइलने मरणाचीसुद्धा पंचाईत करून ठेवली होती.

डोमाजीचा उलटा फोन आला. "जिजे, सोन्यासारख्या लेकराचं असं सांगते? लाज नाही वाटत?"

"सांगितलं तं सांगितलं. कावळा शिवला त्याले. आता रड ना गा थोडसं."

"रडू येत नाही तं काय डोळ्यात तिखट घालू?"

"तिखटानंही तुले येत नाही," जिजाबाई चिडून म्हणाली आणि तिनेच रडायला सुरुवात केली. पण आईचं रडणं या कामी चालत नाही. ते यमाला रोजचंच असतं.

आणि ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. जन्मभर मिरचीच्या ढिगाऱ्यात बसून डोमाजीचे डोळे पार निबर झाले होते. चक्कीत नवा गडी आला की ठसकून बेजार होई, हा आपला मजेत चहा पीत बसलेला. बापाच्या सरणापाशीही हा कोरडाच होता. मिरचीच्या कामात एक रीत असते: काही झालं तरी बोट डोळ्याला लावायचं नाही. डोळा चुरचुरला, घाम गेला, काही झालं, तरी हात लांब ठेवायचा, मान कलती करायची आणि खांद्याच्या बाहीला डोळा पुसायचा. लहानपणी बंटी उन्हाळाभर मामाकडे असायचा. डोमाजीने त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. डोमाजीला मुलगा नव्हता. हा पोरगा चक्की सांभाळेल असं त्याने मनात धरलं होतं. पोरगा तोंडाला रंग लावून नाटकात गेला, तेव्हापासून मामाभाच्यांचं बोलणं हवापाण्यापुरतं उरलं होतं.

बंटी त्या दिवशी मात्र पोट धरून हसला होता. "आई, तुले एक्टिंग नाही येत. दोन शब्दांत पकडली गेली तू."

जिजाबाईला हसू आलं नाही. पुढच्याच महिन्यात शूटिंगमध्ये बंटीचा खांदा निखळला. पावसाळ्यात मोटरसायकल घसरली, हेल्मेट फुटलं, डोकं वाचलं. तो फोनवर सगळं विनोदासारखं सांगायचा आणि हिला वाटायचं, यम पत्ता विचारत हिंडतो आहे, एक दिवस बरोबर दार शोधून काढील. नागपूरच्या सदर भागात एका जिन्याखाली तिचं फॉल-पिकोचं मशीन होतं. मोबाइल वाजला की तिचा हात कापडावरून उडायचा. एका वकिलीणबाईच्या साडीला तिने फॉल चक्क वरच्या काठाला लावून ठेवला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पुन्हा निरोप धाडावा तर मामा तोच. दुधाने पोळलेला तो, आता ताकही फुंकून पिणार. एकदा फसलेल्या खोट्यावर दुसऱ्यांदा कोण रडतं?

सिनेमा सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांत एवढी माणसं मेली की जिजाबाईने डोळे मिटूनच घेतले. कवडू बुटीबोरीच्या कापड कारखान्यात रंगाई खात्यात होता, मागच्याच वर्षी रिटायर झाला. तो अंधारात पुटपुटला, "एवढ्या लाल रंगात आमच्या खात्याचा महिना निघाला असता."

"कोयता असा धरतेत काय?" डोमाजी म्हणाला. "यानं तुरीचं झाड तुटणार नाही, मानूस काय तुटते!"

पुढच्या रांगेतून कुणीतरी श्श केलं. नायक आला, शिट्ट्या झाल्या. खलनायक आला, तो त्याच्याहून मोठ्याने ओरडला. दोघेही सारखेच घसा फोडत होते. मग एका ढाब्याच्या कोपऱ्यात, खाटेवर एक ड्रायव्हर जेवायला बसलेला दिसला. त्याने पहिला घास मोडला, आणि मालकाने हाक मारली. त्याने घास परत ताटात ठेवला, ताटाकडे एकदा पाहिलं आणि तो उठला. बस, एवढंच. आणि थिएटरमधल्या शिट्ट्या थांबल्या.

"बंटी," जिजाबाई म्हणाली आणि तिने डोळे उघडेच ठेवले.

त्या ड्रायव्हरला सिनेमाभर कुणी धड जेवू दिलं नाही. जरा कुठे बसला की हाक. गाडी काढ, डिकी उघड, रक्त पूस. माणसं मारण्यात त्याचा हात होता, चांगला तो मुळीच नव्हता, तरी त्याला एकदा पोटभर वाढावं असं बाईमाणसाला वाटावं, असा तो होता. जिजाबाईला सिनेमातलं कळत नव्हतं, पण शिवणातलं कळत होतं. फॉल चांगला लावला म्हणजे साडीच्या वरून टाका दिसत नाही. बाकी सगळ्यांचे टाके ढळढळीत दिसत होते. बंटीचा एकही दिसत नव्हता. तिला अभिमान वाटला, आणि लगेच त्याला दृष्ट लागेल म्हणून भीतीही वाटली.

मध्यंतरात सोनिकाने मक्याच्या गोड लाह्यांचा मोठा डबा आणून आईच्या मांडीवर ठेवला. "खाय ना आई."

"मन नाही होऊन राहिलं," जिजाबाई म्हणाली. सोनिका तिच्याकडे पाहून काहीतरी बोलणार होती, पण दिवे गेले.

आणि मग ते आलं. गोदामामागच्या गल्लीत ड्रायव्हरला कुणीतरी सुरा खुपसला. मालकाने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याचीच गाडी घेऊन, त्यालाच टाकून तो पळून गेला. ड्रायव्हर भिंतीला टेकून खाली सरकला. ज्याच्या धाकाने जिजाबाईने वर्ष काढलं होतं ते तिच्यासमोर घराएवढं होऊन उभं होतं. ती उठायलाच लागली. सोनिकाने बाबांच्या अंगावरून हात लांबवून तिचं मनगट धरलं. "आई, बस. खोटं हाय ते. बस."

कवडूने डोळे गच्च मिटून घेतले होते.

पडद्यावर फोन वाजला. ड्रायव्हरने रक्ताळलेल्या हाताने तो कानाला लावला. पलीकडे त्याची म्हातारी आई होती, आवाज येत नव्हता, पण ती काय विचारते आहे हे सगळ्या थिएटरला कळत होतं. "हाँ अम्मा," तो म्हणाला. "खा लिया. हाँ, पेट भर के." इतका साधा आवाज, की जणू नुकतीच ढेकर दिली आहे. मग डोळे भरून आले, आवाज फुटेल अशी वेळ आली. त्याने दुसरा हात वर उचलला, तो रक्ताने माखलेला पाहिला, लांब धरला, मान कलती केली आणि खांद्याच्या बाहीला डोळे पुसले. आधी एक, मग दुसरा. "रखता हूँ, अम्मा," तो म्हणाला, आणि तसाच राहिला.

संगीत नव्हतं. कुणी खोकलंही नाही.

तेवढ्यात जिजाबाईच्या उजव्या बाजूने एक आवाज आला. जुनं दार बऱ्याच वर्षांनी उघडावं तसा. तिला आधी कळेना, हा आवाज कशाचा. मग तो फुटला.

"बंट्या रे! माह्या लेकरा! काय झालं रे हे!"

डोमाजी रडत होता. हळूच, नाक ओढून नाही. गावाकडे मयताच्या दारात बसून रडतात तसा, डोक्यावर हात घेऊन, हेल काढून. आजूबाजूच्या रांगांतली माणसं वळून पाहू लागली. हसलं कुणी नाही, कारण त्यातल्या निम्म्यांच्या हातात रुमाल होते.

जिजाबाई भावाकडे बघतच राहिली. मामा रडत होता. खोटं नाही, तिखटाने नाही, कुणाच्या सांगण्याने नाही. भाचा मेला म्हणून मामा रडत होता. आणि तिच्या छातीवर वर्षभर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. तिला एवढं हलकं वाटलं की हसू फुटलं. हसता हसता डोळे वाहायला लागले. कवडूने डोळे उघडून पाहिलं तर मेहुणा रडतोय आणि बायको हसतेय. त्याला वाटलं, दोघांचंही डोकं फिरलं.

पण जिजाबाईचं डोकं ठिकाणावर होतं. अर्धं काम झालं होतं, अर्धं राहिलं होतं. तिने मांडीवरच्या डब्यातून गोड लाह्यांची मूठ भरली आणि अंधारात चाचपून भावाच्या तोंडाशी नेली.

"दादा, निरोप खोटा हाय. बंटी जित्ता हाय. तोंड गोड कर."

"काय करून राहिली वं?" डोमाजी हुंदके देत म्हणाला. मग त्याला उमगलं. त्याने तोंड उघडलं, लाह्या चावल्या, आणि रडता रडताच त्याच्या गळ्यातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. "शेवटी रडवलंच ना मले तुम्ही मायलेकानं."

"रडवलं."

"पाह्यलं काय तू? खांद्यानं पुसले त्यानं डोळे. मुंबईत कोण शिकवते असं? थे माह्याजवळचं हाय," डोमाजी म्हणाला. "माह्या चक्कीतलं हाय थे." आणि हात लांब धरून, मान कलती करून त्याने स्वतःचे डोळे खांद्याला पुसले. हाताला आज मिरची नव्हती, तरीही.

पुढे नायकाने आणखी वीस-पंचवीस माणसं कापली. त्यांच्यासाठी कुणी अश्रू ढाळले नाहीत. जिजाबाईने ती सगळी मारामारी उघड्या डोळ्यांनी, अगदी निवांत पाहिली.

बाहेर आले तेव्हा चांगलं ऊन होतं. डोमाजी बिल्ला दाखवून तिखटाची पुडी सोडवायला गेला. गार्डने त्याचे लाल डोळे पाहिले आणि लगेच पुडी दिली. कवडू आणि सोनिका ऑटो बघायला रस्त्यापर्यंत गेले. जिजाबाई पायरीवर लाह्यांचा डबा धरून उभी होती तोच पर्समधला मोबाइल वाजला. आज तिचा हात उडाला नाही.

"आई," बंटीचा आवाज दबका होता. "मामा रडला काय?"

चार तिकिटं, मामाला दिलेली धमकी, सगळं जिजाबाईला आता लख्ख दिसलं.

"रडला," ती म्हणाली. "ढसाढसा रडला. सगळ्या टॉकीजनं पाह्यलं."

पलीकडे लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. खूप दूरवरून आणलेलं पोतं माणूस खाली टाकतो तेव्हा सोडतो, तसा.

"साखर देल्ली?"

"देल्ली. मक्याच्या लाह्या होत्या, गोड. चालते नं?"

"चालते, चालते," तो हसला. "मंग झालं. सुटलो."

"बंट्या, त्या दिवशी तं तू दात काढून राहिला होता."

"तू किती भेली होती, आई. मीही भेलो असतो तं तुले कोणं धरलं असतं?"

म्हणजे तोही वर्षभर ते ओझं वाहत होता. खांदा निखळला तेव्हाही, हेल्मेट फुटलं तेव्हाही, आणि त्या गल्लीत भिंतीला टेकून बसला तेव्हाही. तिने फोन कानापासून थोडा लांब धरला, मान कलती केली आणि खांद्याच्या पदराला डोळे पुसून घेतले.

"आई? हाय का?"

"हावं. बोल."

"आवाज काहून असा येऊन राहिला? जेवली काय तू?"

सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

"जेवली ना बाप्पा," जिजाबाई म्हणाली. "पोटभर."

आवाज हलला नाही, चढला नाही, पडला नाही. एवढा मोठा नट, त्यालाही ते खरं वाटलं. "बरं केलं," तो म्हणाला. "ठेवतो मंग. शूटिंगले बोलावून राहिले."

तिने फोन पर्समध्ये टाकला. मग डब्यात हात घालून ती तिथेच पायरीवर, उभ्याउभ्या, मुठी भरभरून लाह्या खायला लागली.